वाडीसाठी एकच लिनक्स ठरवा

प्रति,
मा. अध्यक्ष, सर्व सदस्य आणि मुख्याधिकारी,
वाडी नगर परिषद, वाडी, जि. नागपूर.

विषय : जुने संगणक निर्लेखित करण्यापूर्वी त्यांवर लिनक्स बसवून पाहण्याबाबत आणि त्यासाठी गावाने एकच डिस्ट्रो ठरवण्याबाबत.

महोदय, महोदया,



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या बंद झाल्या. ही बातमी वाडीत फारशी कोणी मनावर घेतली नाही, कारण दुसऱ्या दिवशी सगळे संगणक नेहमीसारखेच सुरू झाले. पण अमरावती रोडवरच्या ट्रान्स्पोर्ट ऑफिसांत, खडगाव रोडच्या गोदामांत, दत्तवाडीच्या दुकानांत आणि आपल्या शाळांत जे संगणक आहेत, त्यांतल्या बऱ्याच यंत्रांचा प्रश्न त्या दिवसापासून उभा राहिला आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. २०१५-१६ मध्ये घेतलेला आय-थ्री कितीही धडधाकट असला तरी या अटीत बसत नाही.

मी वाडीत संगणक दुरुस्तीचे काम करतो. गिऱ्हाईक यंत्र टेबलावर ठेवून विचारतो, "भाऊ, हा तं चांगला चालून राहिला, मंग नवीन कायले घेऊ?" प्रश्न रास्त आहे. त्याला आज बाजारात तीन उत्तरे मिळतात. पहिले, नवे यंत्र घ्या. दुसरे, क्रॅक मारलेली विंडोज ११ अटी चुकवून बसवून घ्या. तिसरे, आहे तसे चालू द्या. पहिले उत्तर ज्याला परवडते त्याने घ्यावे. दुसऱ्यात परवाना नसतो आणि क्रॅकच्या फाइलमधून काय आत शिरले ते कोणालाच सांगता येत नाही. तिसऱ्याची किंमत जगाने मे २०१७ मध्ये मोजली आहे. वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरातले संगणक कुलूपबंद केले, तेव्हा तो विंडोजच्या ज्या भोकातून शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, त्यांच्यावर घाला पडला. आता विंडोज १० वर दुरुस्ती न घेण्याचा प्रश्न नाही, वाढीव मुदत घेतली नाही तर ती येणारच नाही. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. संस्थांना ती विकत घ्यावी लागते : पहिल्या वर्षी संगणकामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि तीही जास्तीत जास्त तीन वर्षे.

चौथे उत्तर लिनक्स आहे, आणि त्यासाठीच हे पत्र.

लिनक्स म्हणजे काय हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सने संगणकाचा गाभा चालवणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि तो सगळ्यांसाठी खुला केला. आज आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच गाभा आहे. या गाभ्याभोवती पडदा, मेनू, ऑफिस, ब्राउझर, प्रिंटरचे ड्रायव्हर असे सगळे बांधून जी तयार प्रणाली मिळते, तिला डिस्ट्रो म्हणतात. अशा डिस्ट्रो शेकड्यांनी आहेत, बहुतेक फुकट आहेत, आणि नवखा माणूस नेमका इथेच अडखळतो.

लहान गावात लिनक्स यंत्रामुळे फसत नाही, एकटेपणामुळे फसतो. हे मी वारंवार पाहतो. इंजिनिअरिंगला असलेला भाचा दिवाळीत येतो, मामाच्या दुकानातल्या संगणकावर स्वतःच्या आवडीची डिस्ट्रो बसवून देतो आणि नोकरीला पुण्याला निघून जातो. दोन महिन्यांनी प्रिंटर बदलतो, नाहीतर एखादा अपडेट मध्येच अडकतो. मामाच्या ओळखीत दुसऱ्या कोणाकडे ती डिस्ट्रो नसते. शेजारच्या दुकानात वेगळी, शाळेत तिसरीच. दुरुस्तीवाल्याला प्रत्येकीची खोड माहीत असणे शक्य नाही, म्हणून तो हमखास जमणारे काम करतो, म्हणजे पुन्हा क्रॅकची विंडोज टाकतो. मामा पुढे सगळ्यांना सांगतो की लिनक्स आपल्यासारख्यांसाठी नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे : कोणती डिस्ट्रो सर्वांत चांगली, या वादापेक्षा वाडीत सगळ्यांकडे एकच डिस्ट्रो असणे महत्त्वाचे आहे. एकाची अडचण सुटली की ती गल्लीतल्या सगळ्यांची सुटते. आणि एकच ठरवण्याचे काम नगर परिषदेइतके सहज दुसरे कोणी करू शकत नाही.

ती एक कोणती असावी, याचे उत्तर मी जबाबदारीने देतो : लिनक्स मिंट.

मिंट २००६ पासून आहे. ती उबंटूवर बेतलेली आहे, त्यामुळे उबंटूसाठी जगभर जे ड्रायव्हर, सॉफ्टवेअर आणि अडचणींची उत्तरे तयार आहेत, ती जवळजवळ सगळी मिंटला चालतात. तिचा सिनॅमन हा पडदा विंडोजची सवय असलेल्या माणसाला परका वाटत नाही. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ आणि वाय-फाय. पन्नाशीच्या पुढच्या हिशेबनिसाला त्यावर बसवले की तो पहिल्या दिवशीच आपली फाइल शोधतो आणि उघडतो. यंत्र अशक्त असेल तर त्याच मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती आहे. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते आणि ४ जीबीवर ती आरामात चालते. सध्याच्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. तिच्यात टाइमशिफ्ट नावाची सोय आधीपासून असते. ती एकदा लावून ठेवली की अपडेटनंतर काही बिघडल्यास प्रणाली आदल्या दिवसाच्या स्थितीला परत नेता येते. दुकान उघडायच्या वेळी ही सोय किती उपयोगाची असते, हे ज्याच्यावर वेळ आली आहे त्यालाच कळते.

बाकीच्या वाईट आहेत असे मुळीच नाही. उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीलाही पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात, पण तिचा पडदा वेगळ्या वळणाचा आहे आणि तिला यंत्र जरा दमदार लागते. डेबियन तर या सगळ्या कुळाचे मूळ. १९९३ पासूनची, अतिशय भरवशाची, पण बसवताना नवख्याला जड जाते. फेडोरा ताजी असते, मात्र तिची आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला जेमतेम तेरा महिने आधार मिळतो. दुकानात वा शाळेत दरवर्षी आवृत्ती कोण बदलत बसणार? आर्च शिकण्यासाठी उत्तम, पण ती मामाच्या काउंटरवर ठेवू नये. झोरिन दिसायला विंडोजच्या फार जवळची आहे आणि तिची अठरावी आवृत्ती तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच निघाली. आपल्या सी-डॅकची बॉस ही डेबियनवर बेतलेली भारतीय डिस्ट्रो २००७ पासून आहे. तिचा मला अभिमान आहे, पण तिच्या अडचणींवर लगेच उत्तर देऊ शकणारी माणसे आसपास कमी सापडतात. मी ज्या कसोटीने निवड करतो, ती हीच आहे : रविवारी संध्याकाळी अडलेल्या माणसाला उत्तर मिळेल का?

आता मराठीचे. वाडीत लिनक्सला नकार येण्याचे दुसरे मोठे कारण टायपिंग असते. आपल्याकडच्या ऑफिसांत आणि डीटीपीच्या दुकानांत अजून कृतिदेव या जुन्या फॉन्टचे राज्य आहे. कृतिदेवमध्ये टाइप केलेले पत्र, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडले की पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा कचरा दिसतो, कारण त्या फाइलमध्ये मराठी अक्षरे साठवलेलीच नसतात. इंग्रजी अक्षरांना मराठी आकार चढवलेले असतात. म्हणूनच त्यात नाव शोधता येत नाही आणि यादी अकारविल्हे लावता येत नाही. हा दोष लिनक्सचा नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेले मराठी मिंटवर, विंडोजवर आणि फोनवर सारखेच दिसते. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट थेट जोडता येतो. ज्यांना उच्चाराप्रमाणे टाइप करायचे आहे, त्यांनी आयबस आणि एम१७एन ही दोन पॅकेजे बसवावीत. ज्यांची बोटे टंकलेखन यंत्रावर बसलेली आहेत, त्यांच्यासाठी रेमिंग्टन पद्धतही तिथे मिळते. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स दोन्ही मराठी मेनूसह वापरता येतात. कृतिदेवचा फॉन्ट मिंटमध्येही टाकता येतो, म्हणजे जुनी पत्रे वाचायची सोय राहते. नवी मात्र युनिकोडमध्येच लिहावीत.

जे चालणार नाही ते लपवून मी आपल्याला काही गळी उतरवणार नाही. टॅली विंडोजसाठी आहे. ज्या गोदामाचा सगळा हिशेब टॅलीत आहे, त्याने ते यंत्र विंडोजवरच ठेवावे. जीएसटीचे ऑफलाइन टूल विंडोजसाठी बनवलेले आहे. जीएसटीचे संकेतस्थळ आणि ई-वे बिल मात्र ब्राउझरमध्ये उघडते, त्यामुळे ट्रान्स्पोर्टवाल्याचे रोजचे बिल मिंटवर निघते. फ्लेक्सवाल्यांचे कोरलड्रॉ लिनक्सवर नाही. त्याऐवजी इंकस्केप चांगले आहे, पण समोरचा प्रेसवाला कोरलचीच फाइल मागतो. आधारच्या अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइडसाठी असते, तेव्हा सेवा केंद्रांनी घाई करू नये. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर आहे का, ते आधी तपासावे. आणि टायपिंगची शासकीय परीक्षा ज्या प्रणालीवर होते, तिचा सराव मुलांनी त्याच प्रणालीवर करावा.

प्रिंटरबद्दल वेगळे सांगायला हवे. एचपीचे बहुतेक प्रिंटर मिंट जोडताक्षणी ओळखते, कारण त्यांचे एचपीलिप हे सॉफ्टवेअर तिच्यात असतेच. पण आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर सहजासहजी चालत नाही. त्याचा जुना ड्रायव्हर हाताने बसवावा लागतो आणि तो प्रत्येक आवृत्तीवर बसेलच असे नाही. ज्या ऑफिसात हा प्रिंटर आहे, तिथे आधी प्रिंटर तपासावा, मगच बाकीचे ठरवावे.

सुदैवाने लिनक्सची परीक्षा काहीही न पुसता घेता येते. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंट उतरवायची, संगणक सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा कंपनीप्रमाणे जी कळ असेल ती दाबून पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा. थोड्या वेळात मिंटचा पूर्ण पडदा समोर येतो आणि हार्ड डिस्कमधले एकही अक्षर जागचे हलत नाही. तिथेच वाय-फाय जोडायचे, गाणे लावून आवाज ऐकायचा, प्रिंटरवर एक पान काढायचे, मराठीत चार ओळी टाइप करायच्या, आपली नेहमीची दोन-तीन संकेतस्थळे उघडून पाहायची. सगळे जमले तरच बसवायचे. पेन ड्राइव्हवरून चालताना ती जरा मंद वाटते. जुन्या हार्ड डिस्कवर बसवली तरीही फार वेगाची अपेक्षा करू नये. खरा फरक जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकल्याने पडतो, आणि त्यावर मिंट बसवली की दहा वर्षांचे यंत्र पुन्हा कामाला लागते.

बसवण्याआधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायलाच हवी. इथे लोक फार फसतात. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल प्रत्यक्षात सी ड्राइव्हमध्ये असते, हे अनेकांना ठाऊकच नसते. "माझा सगळा डेटा डी मध्ये आहे" असे सांगणाऱ्याच्या डेस्कटॉपवर मुलीच्या लग्नाचे फोटो निघतात. म्हणून प्रत घेताना डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे तीन फोल्डर बसवणाऱ्याने स्वतः उघडून पाहावेत, मालकाच्या शब्दावर राहू नये. विंडोज आणि मिंट एकाच यंत्रात शेजारी शेजारीही ठेवता येतात, पण ते काम जाणत्याकडूनच करून घ्यावे.

सरकारी पातळीवर हे जमते का, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. केरळने जमवले आहे. तिथे २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प सुरू झाला आणि आज काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी उबंटूवर बेतलेली स्वतःची डिस्ट्रो तयार करते. पाठ्यपुस्तक, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि शाळेतला संगणक, तिन्ही एकाच प्रणालीवर. मलप्पुरमच्या शिक्षकाची अडचण कासरगोडच्या शिक्षकाला सोडवता येते, ती यामुळे.

फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलिस दलाने क्रम शिकवला. त्यांनी २००५ मध्ये विंडोजवरच आधी ओपनऑफिस आणले, मग फायरफॉक्स आणि थंडरबर्ड, आणि कर्मचाऱ्यांचा हात बसल्यावर २००८ पासून उबंटूकडे वळले. प्रणाली बदलली तेव्हा रोजचे प्रोग्रॅम ओळखीचेच होते. म्युनिक शहराचा अनुभवही विसरून चालणार नाही. तिथे २००३ मध्ये निर्णय झाला, २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर आले, आणि २०१७ मध्ये नव्या राजकीय बहुमताने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. सभागृहाची इच्छाशक्ती टिकली नाही तर चालू झालेले कामही उलटते, हा त्याचा धडा आहे.

आणि आपल्या अगदी शेजारचे उदाहरण. अंबाझरीच्या आयुध निर्माणीमुळे वाडीत संरक्षण खात्याशी नाते नसलेले घर विरळाच. त्याच संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये इंटरनेटला जोडलेल्या आपल्या संगणकांवर विंडोजऐवजी माया ही उबंटूवर बेतलेली प्रणाली आणण्याचे ठरवले. मिंट आणि माया एकाच कुळातल्या आहेत. केंद्र सरकारचे २०१५ चे मुक्त स्रोत धोरणही खरेदी करताना मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे, असे सांगते. ते केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, राज्यांना ते स्वीकारता येते. नगर परिषदेने त्यामागचा विचार घ्यायला कोणाची आडकाठी नसावी.

यावरून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

एक, नगर परिषदेने सभेत ठराव करून लिनक्स मिंट ही वाडीची डिस्ट्रो म्हणून जाहीर करावी, आवृत्तीसह. तो ठराव सूचना फलकावर लावावा. नवी आवृत्ती कधी घ्यायची तेही नगर परिषदेनेच ठरवावे, म्हणजे सगळे एकाच वेळी बदलतील.

दोन, यापुढे कोणताही संगणक निर्लेखित करण्यापूर्वी तो पेन ड्राइव्हवरून मिंट लावून तपासावा. जे चालतील ते अभ्यासिका आणि शाळांना द्यावेत. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना ऑनलाइन अर्ज भरायला, जुन्या प्रश्नपत्रिका पाहायला आणि व्याख्याने ऐकायला असे यंत्र पुरेसे आहे. ज्यांत जीव नाही किंवा जी ३२-बिटची आहेत, ती ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जावीत. ३२-बिटच्या यंत्रांवर श्रम घालवू नयेत. डेबियननेही आपल्या तेराव्या आवृत्तीत त्यांच्यासाठी इन्स्टॉलर ठेवलेला नाही.

तीन, कर वसुली आणि दाखल्यांचे संगणक लगेच हलवू नयेत. तिथे आधी विंडोजवरच लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स बसवावे, पत्रव्यवहार युनिकोडमध्ये आणावा. वर्षभराने प्रणालीचा विचार करावा.

चार, संगणक खरेदीच्या निविदेत कुठल्या कंपनीच्या प्रणालीचे नाव अट म्हणून घालू नये. त्याऐवजी प्रिंटर आणि स्कॅनर लिनक्सवर चालतात, अशी विक्रेत्याची लेखी हमी मागावी. या एका ओळीने पुढच्या दहा वर्षांचा त्रास वाचेल.

पाच, महिन्यातून एका रविवारी नगर परिषदेने एक सभागृह, विजेचे बोर्ड आणि इंटरनेट उपलब्ध करून द्यावे. लोकांनी आपले संगणक आणावेत, आधी प्रत घ्यावी, चाचणी करावी आणि पटले तर मिंट बसवून न्यावी. परिसरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली आणि आयटीआयमधली मुले यायला तयार होतील, फक्त त्यांना बोलावणारे कोणी हवे. आम्ही दुरुस्तीवाले पोटासाठी एकमेकांचे स्पर्धक असलो तरी अशा दिवशी एका टेबलावर बसू. यात आमचेही हित आहे. गावात एकच डिस्ट्रो असेल तर प्रत्येकाला ती नीट शिकता येते, आणि क्रॅक टाकून देण्याचे जे काम आम्ही मनाविरुद्ध करतो, ते सोडता येते.

पैशांची मोठी तरतूद यापैकी कशालाच लागत नाही. लागतो तो एक ठराव, एक खोली आणि तो ठराव दोन-तीन वर्षे नेटाने चालवण्याची तयारी. सुरुवात एका अभ्यासिकेतल्या पाच संगणकांपासून करावी. ते पाच मी स्वतः, माझ्या वेळेत, मजुरी न घेता बसवून देईन आणि पहिले वर्षभर सांभाळेन. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा आणि मला दहा मिनिटे बोलू द्यावे, एवढी विनंती करतो.

आपला नम्र,
वाडीतील एक संगणक दुरुस्तीकार